झेवियर : एका घराचे नाव

गोव्यात झेवियर नावाची माणसे पावलोपावली भेटतात. हे मुळातच संताचे नाव, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. पण ते आहे एका घराचे! स्पेनच्या नावार प्रांतात हाव्हिएर नावाचा तटबंदीचा वाडा आहे. बास्क भाषेत ‘एचे बेरी’ म्हणजे नवे घर, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे गावाला ‘कर’ लागून आडनाव होते ना, तसेच काहीसे. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘शाविएर’ झाले, इंग्रजांच्या ‘झेवियर’.

फ्रान्सिस याच वाड्यात १५०६ साली जन्मले. १५१२ मध्ये स्पेनच्या फौजांनी नावार घेतले आणि १५१६ मध्ये वाड्याचे बुरूज पाडून टाकले. तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे. नाव नवे घर, आणि घर मोडलेले! पुढे ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि वाड्याचे हे नाव पाळण्यातल्या मुलांना ठेवले जाऊ लागले.

इटलीच्या फ्रान्सिस्का काब्रिनी यांनी तर ते स्वतःहून घेतले. त्यांनाही चीनलाच जायचे होते. पोपनी पाठवले अमेरिकेत, इटालियन स्थलांतरितांकडे. १९४६ मध्ये त्याही संत ठरल्या.