सायलेन्सरमधून टपकणारं पाणी

इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. अशा थंडीत छत्रीबागेत अंगणात बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली, की सायलेन्सरच्या तोंडातून पाणी टपकू लागतं. मालक हबकतो. ‘पेट्रोलमध्ये पाणी मिसळलंय!’ इथपासून ‘इंजिन गेलं’ इथपर्यंत सगळ्या शंका मनात येऊन जातात.

खरं तर ते पाणी बाहेरून फारसं आलेलंच नाही. बहुतेक सगळं त्या क्षणी इंजिनात नव्यानं तयार झालंय!

पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. ते जळताना हवेतला ऑक्सिजन कार्बनला भेटला की कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनला भेटला की पाणी. किती पाणी? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर! हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटाच वाटतो. पण नऊ किलो पाण्यात आठ किलो वजन ऑक्सिजनचं असतं, आणि तो सगळा हवेतून फुकट मिळतो. पेट्रोलकडून येतो तो फक्त हायड्रोजन, लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास. गाडीनं उज्जैनला महाकाळाचं दर्शन घेऊन परत यायचं, तर वाटेत अर्धी बादली पाणी ती हवेत सोडून येते. सीएनजीवरची गाडी तर त्याहून जास्त, कारण सीएनजीतल्या मिथेनमध्ये हायड्रोजनचं प्रमाण मोठं: एक किलो मिथेनमागे सव्वादोन किलो पाणी.

आग पाणी जन्माला घालते, हे माणसाला कळलं तेही फार जुनं नाही. छत्रीबागेत ज्यांच्या छत्र्या आहेत त्या होळकर घराण्याच्या अहिल्याबाई महेश्वरहून राज्य करत होत्या, त्याच काळात, 1783 साली, पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं हायड्रोजन जाळून पाणी मिळवलं आणि पाणी हे मूलतत्त्व नाही असं जाहीर केलं.

मग एरवी हे पाणी दिसत का नाही? तापलेल्या नळीतून ते वाफ होऊनच निघून जातं. नळी गार असली आणि धूर साधारण पन्नास अंशांखाली आला, की वाफेचे थेंब होतात. उभ्या गाडीच्या नळीत रात्रीच्या दमट हवेचं दवही थोडंफार साठलेलं असतं. थेंब तळहातावर घेतला तर त्यात काळे कण दिसतात, ती काजळी. अनेक सायलेन्सरना खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं, तेही मुद्दाम ठेवलेलं, पाणी निथळून जावं म्हणून. ते कुणी बुजवू नये.

गाडी रोज दोन किलोमीटर चालवून बंद करणाऱ्यांचा सायलेन्सर मात्र आतून गंजतो, कारण तो पुरता तापतच नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडीला वीस-पंचवीस मिनिटांची मोकळी फेरी द्या. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल, कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. आणि थंडी आहे म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. पाण्याबरोबर त्याच नळीतून कार्बन मोनॉक्साइडही येतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीव घेतो.