बॉन्साय वृक्षाचे पुनरुज्जीवन

उथळ कुंडीत वाढवून, वेळोवेळी छाटणी करून व तारेने फांद्यांना वळण देऊन लहान आकारात राखलेल्या वृक्षास बॉन्साय म्हणतात. ‘बोन’ (उथळ पात्र) व ‘साय’ (लावलेले रोप) या जपानी शब्दांपासून ही संज्ञा बनली असून मूळ कला चीनमधून जपानमध्ये गेली. बॉन्सायचे खुजेपण आनुवंशिक नसते; मोकळ्या जमिनीत लावल्यास तोच वृक्ष पुन्हा मोठा होऊ लागतो. मात्र कुंडीतील मूठभर मातीवर त्याचे सर्व जीवन अवलंबून असल्याने पाणी, प्रकाश व हवा यांतील लहानसा बिघाडही त्याला लवकर बाधतो. घरात ठेवलेल्या वृक्षांत असे बिघाड विशेष आढळतात आणि त्यांचे कारण न ओळखता केलेल्या उपचारांमुळे वाचू शकणारे वृक्षही पुष्कळदा दगावतात.

जपानमध्ये बॉन्साय वर्षातील बहुतेक काळ उघड्यावर ठेवतात व प्रदर्शनापुरता काही दिवस घरात आणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात (वॉशिंग्टन) असलेला एक पांढरा पाइन वृक्ष १६२५ च्या सुमारापासून जोपासलेला आहे. हीरोशीमा येथील यामाकी कुटुंबाच्या बागेत तो १९४५ च्या अणुबाँब स्फोटातून बचावला व १९७६ मध्ये अमेरिकेस भेट म्हणून देण्यात आला. इतके दीर्घायुष्य उघड्या हवेतील संगोपनामुळे शक्य होते. पाइन, जूनिपर इ. समशीतोष्ण कटिबंधातील वृक्षांना हिवाळी सुप्तावस्थेची गरज असल्याने ते घरात फार काळ टिकत नाहीत. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक (फायकस मायक्रोकार्पा) यांसारख्या उष्ण कटिबंधातील जाती त्या मानाने तग धरतात.

ऱ्हासाची कारणे : अपुरा प्रकाश हे पहिले कारण होय. भर उन्हात प्रदीपन सुमारे १,००,००० लक्स असते, तर खिडकीपासून दूर ते काही शे लक्सपर्यंत उतरते. डोळा कमी प्रकाशास सरावत असल्याने हा फरक आपणास जाणवत नाही. प्रकाशसंश्लेषण मंदावले की वृक्ष साठवलेल्या अन्नावर जगतो. नवी कांडी लांब व बारीक निघतात, पाने फिकट होतात व आतील फांद्या वाळतात.

दुसरे कारण पाण्याचे आधिक्य हे होय. कुंडीस छिद्रे असली, तरी केशाकर्षणामुळे तळाशी संपृक्त मातीचा थर शिल्लक राहतो. त्याची जाडी मुख्यतः मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते, त्यामुळे उथळ कुंडीत मातीचा बराच मोठा भाग ओला राहतो. अशा मातीत मुळांना ऑक्सिजन मिळत नाही व ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्याने ओल्या मातीतही पाने मलूल होतात. हे लक्षण तहानेसारखे दिसते व आणखी पाणी घातल्याने मुळांची हानी वाढते. याशिवाय वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा, लाल कोळी, खवले कीड व पिठ्या ढेकूण यांचा उपद्रव, तसेच एकाएकी केलेला जागाबदल यांमुळेही पानगळ होते. नांद्रुकासारखे वृक्ष केवळ जागा बदलल्यानेही पाने गाळतात.

निदान : प्रथम वृक्ष जिवंत आहे किंवा नाही हे पहावे. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडल्यास खाली ओलसर हिरवा थर दिसला, तर ती फांदी जिवंत असते. तपकिरी व कोरडा थर दिसल्यास क्रमाने जाड फांद्यांवर व शेवटी खोडाच्या तळाशी परीक्षा करावी. तेथेही हिरवा थर न आढळल्यास वृक्ष वाचण्याची आशा नसते. जूनिपरची पाने मुळे मेल्यानंतरही काही आठवडे हिरवी राहत असल्याने केवळ पानांवरून निष्कर्ष काढू नये. त्यानंतर मातीत लाकडी काडी खोचून खालची ओल पहावी. माती कोरडी व पाने कुरकुरीत असल्यास पाणी कमी पडले आहे, तर माती ओली, पाने पिवळी व मऊ आणि मातीस दुर्गंध येत असल्यास मुळे कुजली आहेत, असे समजावे.

उपचार : कोरड्या पडलेल्या वृक्षाची कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवून नंतर निथळू द्यावी. मुळे कुजली असल्यास वृक्ष कुंडीतून काढून काळी, पिळपिळीत मुळे स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावीत. नंतर विटेचे बारीक तुकडे व जाड वाळू यांचे प्रमाण अधिक असलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या मिश्रणात तो थोड्या मोठ्या कुंडीत लावावा. मुळे निरोगी असल्यास त्यांना हात लावू नये. आजारी वृक्षास कुंडीबदलाचा आघात सोसत नाही.

वृक्ष उजेडात नेताना आधी सावलीत व मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, असा दोनतीन आठवड्यांत क्रमाने न्यावा, अन्यथा पाने करपतात. पानांतून होणारा बाष्पोच्छ्वास कमी व्हावा म्हणून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैल बसवून ती रोज थोडा वेळ उघडतात. अशा वेळी वृक्ष थेट उन्हात ठेवू नये. किडी असल्यास पाण्याच्या फवाऱ्याने पाने धुऊन कडुनिंबाच्या तेलाचे सौम्य मिश्रण फवारावे.

या काळात खत देणे टाळावे. खतातील लवणांमुळे मातीतील विद्राव संहत होतो व तर्षणाने पाणी शोषणे दुबळ्या मुळांना अधिक कठीण जाते. रुतलेल्या तारा काढाव्यात. वाळलेल्या फांद्यांखेरीज छाटणी करू नये, कारण प्रत्येक हिरवे पान अन्ननिर्मितीस आवश्यक असते. मातीचा वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे.

नवे कोंब येण्यास काही आठवडे, तर फांद्या पूर्ववत भरण्यास एकदोन हंगामही लागतात. पहिली पालवी साठलेल्या अन्नावर फुटत असल्याने तीवरून वृक्ष सावरला असे मानू नये. तिच्यानंतरची वाढ जोमदार झाल्यावरच सौम्य खत द्यावे व आकार देण्यास पुन्हा आरंभ करावा. अतिशय क्षीण वृक्ष एकदोन वर्षे मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावून मोकळा वाढू देणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय. त्यात वृक्षाचा घडवलेला आकार काही काळ बिघडतो, परंतु तो पुढे छाटणीने पुन्हा साधता येतो.