पैंजण खरे, की नुसते अणूच खरे?

हुपरीत चांदी आटवतात, तार ओढतात, कड्या वळवून एकमेकींत अडकवतात, प्रत्येकीची टोके झाळतात, शेवटी घुंगरू बसवतात. या सगळ्यात पैंजण नावाची वस्तू नेमकी कधी जन्माला येते? काही तत्त्वज्ञ म्हणतात, कधीच नाही. पीटर व्हॅन इनवॅगन यांनी 1990 च्या ‘मटेरियल बीइंग्ज’मध्ये हेच मांडले: सजीव सोडले तर कणांची बनलेली वस्तू नसतेच, विशिष्ट रचनेतले कण तेवढे असतात. विज्ञानही हेच सांगते, असा पुष्कळांचा समज आहे.

आपल्याकडे हा वाद फार जुना. बौद्धांनी रथ नाकारला: सुट्या भागांपलीकडे रथ नावाची वस्तू नाही, असे म्हटले. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी ‘अवयवी’ (भाग मिळून झालेली वस्तू) हा अवयवांहून वेगळा मानला. न्यायसूत्रांची एक कसोटी अशी, की एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते. पैंजणाला ती चपखल लागू पडते. पण भाष्यकार वात्स्यायनांनीच तिच्यातली फट दाखवली: लाखेने चिकटवलेले गवत, दगड, लाकूडही एकत्रच ओढले जातात! आणखी एक अवघड प्रश्न होता. अवयवी वेगळा असेल, तर काट्यावर वजन जास्त का भरत नाही?

भौतिकशास्त्राचे उत्तर विलक्षण आहे. वजन उलट कमी भरते. चांदीच्या अणुकेंद्रात 47 प्रोटॉन आणि 60 किंवा 62 न्यूट्रॉन असतात. हेच कण सुटे तोलता आले, तर 100 ग्रॅम चांदीमागे सुमारे 0.9 ग्रॅम जास्त भरतील. जुळताना ऊर्जा बाहेर पडते, तेवढे वस्तुमान घटते. ही घट कुणा एका कणाच्या खात्यावर टाकता येत नाही. ती जुळणीची आहे. अणू जुळून धातू होतानाही घट होते, पण ग्रॅमच्या काही अब्जांश भागाएवढी. सराफाच्या काट्याला ती कळणार नाही. चांदी 961.8 अंश सेल्सिअसला वितळते, तेही समूहाचेच लक्षण. सुट्या अणूला वितळणबिंदू नसतो.

‘हे सारे कण मिळूनच करतात’, असे नाकारणारे म्हणतील. म्हणोत. हे ‘मिळून’ मोजता येते, हाच माझा मुद्दा. अणुकेंद्र आणि धातू यांच्या बाजूने विज्ञान ठाम साक्ष देते. पैंजणाबद्दल मात्र ते गप्प आहे, कारण कड्या एकमेकींत नुसत्या अडकलेल्या असतात. त्यांचे पैंजण होते ते कारागिराच्या हाताने आणि घालणारीच्या पायाने. विज्ञान गप्प आहे म्हणून पैंजण नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.