अक्षररूपभेद, संगणकातील
अक्षररूपभेद, संगणकातील : रोमन, ग्रीक, सिरिलिक, आर्मेनियन इ. काही लिपींत एकाच वर्णाची मोठे (कॅपिटल) व लहान (स्मॉल) अशी दोन रूपे असतात. वाचकाच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे म्हणजे एकच अक्षर होय; संगणकाला मात्र अक्षर दिसत नाही, त्याच्यापुढे केवळ क्रमांक असतो. त्यामुळे या दोन रूपांना वेगवेगळे क्रमांक द्यावेत की नाहीत, दिल्यास एकाचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावे आणि कोणत्या वेळी ती समान मानावीत, हे प्रश्न संगणकात नियम घालून सोडवावे लागतात. इंग्रजीपुरते हे नियम अत्यंत सोपे आहेत. इतर भाषांना ते लागू करताना मात्र रूपभेद हा लिपीइतकाच भाषेचाही गुणधर्म असल्याचे दिसून येते.

रोमन लिपीची मोठी अक्षरे प्राचीन शिलालेखांतील आहेत. लहान अक्षरांना आजचे वळण शार्लमेनच्या कारकीर्दीत (७६८–८१४) प्रचारात आलेल्या हस्तलिखितांच्या लेखनपद्धतीतून मिळाले. पुढे खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्यासमोर दोन खणदार केसा मांडलेल्या असत. वरच्या केसेत मोठ्या अक्षरांचे व खालच्या केसेत लहान अक्षरांचे खिळे ठेवीत. ‘अपर केस’ व ‘लोअर केस’ या इंग्रजी संज्ञा त्यावरूनच रूढ झाल्या असून खिळे गेल्यानंतरही त्या संगणकशास्त्रात टिकून आहेत [⟶ मुद्रण].

तारायंत्राच्या काळात लहान अक्षरांना जागा उरली नाही. एमील बोदो यांनी १८७४ मध्ये एकस्वाने संरक्षित केलेल्या पद्धतीत प्रत्येक वर्णासाठी पाच घटकांचा संकेत होता. पाच घटकांपासून ३२ च संकेत तयार होतात. त्यांतील २६ वर्णांना दिल्यावर आकड्यांसाठीदेखील ‘येथून पुढचे संकेत आकड्यांचे समजावेत’ असा पालटसंकेत योजावा लागे. त्यामुळे दूरमुद्रकावरील मजकूर एकाच रूपात उमटे. पहिल्या पिढ्यांतील अनेक संगणकांत वर्णासाठी सहा बिट म्हणजे ६४ संकेत असत. एवढ्यात मोठी अक्षरे, अंक व चिन्हे बसत; लहान अक्षरे बसत नसत. १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान या भाषेतील कार्यक्रम म्हणूनच मोठ्या अक्षरांत लिहिले जात. काटकसरीची ही परंपरा बराच काळ टिकली. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल २ या घरगुती संगणकालाही मुळात लहान अक्षरे नव्हती. ती त्याच्या १९८३ च्या आवृत्तीत आली.

अमेरिकेत १९६३ मध्ये ॲस्की ही सात बिटांची, १२८ स्थानांची प्रमाण संकेतावली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत लहान अक्षरांच्या जागा रिकाम्याच होत्या; त्या १९६७ च्या आवृत्तीत भरण्यात आल्या. या संकेतावलीची मांडणी विशेष विचारपूर्वक केलेली आहे. मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ व लहान ‘ए’चा ९७ असून मोठा ‘झेड’ ९० वर, तर लहान ‘झेड’ १२२ वर आहे. म्हणजे प्रत्येक जोडीतील अंतर नेमके ३२ आहे. द्विमान पद्धतीत ६५ हा १०००००१ असा व ९७ हा ११००००१ असा लिहिला जातो. दोहोंत फक्त एका बिटाचा फरक आहे. तो बिट शून्य केला की अक्षर मोठे होते व एक केला की लहान होते. त्यासाठी कोणतीही सारणी पाहावी लागत नाही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये घोषित केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेतील एब्सिडिक या आठ बिटांच्या संकेतावलीतही असाच एका बिटाचा फरक आहे. परंतु तेथे अंतर ६४ चे असून लहान अक्षरे आधी व मोठी नंतर येतात. शिवाय तीत ‘आय’ व ‘जे’ तसेच ‘आर’ व ‘एस’ यांच्या दरम्यान मधली स्थाने सोडलेली आहेत. एकाच यादीचा क्रमांकानुसार लावलेला क्रम त्यामुळे दोन यंत्रांवर दोन प्रकारचा येतो. ॲस्कीतही लहान ‘ए’ने आरंभ होणारा शब्द मोठ्या ‘झेड’ने आरंभ होणाऱ्या शब्दानंतर लागतो. कोशाला किंवा नामसूचीला असा क्रम निरुपयोगी असल्याने क्रमवारीसाठी वेगळे नियम योजावे लागतात.

बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स या प्रणालीत वापरणाऱ्याने आपले नाव संपूर्ण मोठ्या अक्षरांत टंकलिखित केले, तर त्याच्या यंत्राला लहान अक्षरे नाहीत असे प्रणाली गृहीत धरी व पुढील व्यवहार त्याप्रमाणे करी. तथापि लहान अक्षरे सर्वत्र उपलब्ध झाल्यावर खरा मतभेद पुढे आला : नावांत रूपभेद अर्थपूर्ण मानावा की मानू नये? याच प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केलेल्या सी भाषेत तो अर्थपूर्ण आहे. फोर्ट्रान, कोबॉल व पास्कल या भाषांत तो मानत नाहीत. धारिकांच्या म्हणजे फाइलींच्या नावांबाबत युनिक्स व तिच्या वळणाच्या लिनक्स यांसारख्या प्रणाली दोन रूपांना दोन नावे समजतात. विंडोज व मॅक या प्रणाली नाव जसे दिले तसे जपून ठेवतात, मात्र शोधताना सर्वसाधारणपणे रूपभेद पाहत नाहीत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी तर्कसंगत आहेत. धोका त्यांच्या सांध्यावर असतो. कार्यक्रमांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनात डिसेंबर १९१४ नव्हे, तर डिसेंबर २०१४ मध्ये उघड झालेला दोष याच सांध्यावरचा होता. हे साधन स्वतःच्या सूचना लहान अक्षरांतील ठरावीक नावाच्या कप्प्यात ठेवते व बाहेरून आलेल्या प्रकल्पाला त्या नावाचा कप्पा आणू देत नाही. पण तेच नाव एखादे अक्षर मोठे करून आणल्यास तपासणीला ते निराळे वाटे, तर विंडोज किंवा मॅकवरील धारिकाव्यवस्थेला तेच वाटे. परिणामी परक्याच्या सूचना मूळ सूचनांच्या जागी बसून वापरणाऱ्याच्या संगणकावर अंमलात येण्याचा संभव होता.

परवलीच्या शब्दात रूपभेद मानल्याने सुरक्षितता वाढते. केवळ लहान अक्षरांचे आठ अक्षरी शब्द सु. २०,८८३ कोटी होतात. दोन्ही रूपे घेतल्यास ही संख्या २५६ पट होते. लॅन मॅनेजर या जुन्या जाळेव्यवस्थेत परवलीचा शब्द साठवण्यापूर्वी तो मोठ्या अक्षरांत बदलला जाई व सात-सात वर्णांचे दोन भाग केले जात. वापरणाऱ्याने काळजीपूर्वक केलेला रूपभेद तेथे मुळातच वाया जाई.

भाषांमुळे येणाऱ्या अडचणी : युनिकोड या सर्व लिपींना सामावून घेणाऱ्या संकेतावलीचा पहिला खंड १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत एका बिटाची युक्ती पुरत नाही. प्रत्येक वर्णाची जोडी सारणीत द्यावी लागते, आणि काही ठिकाणी तीही पुरेशी ठरत नाही. जर्मनमधील ‘एस्‌त्सेट’ या अक्षराला परंपरेने मोठे रूप नव्हते. मोठ्या अक्षरांत लिहिताना त्याच्या जागी दोन ‘एस’ येत व शब्दाची लांबी एका अक्षराने वाढे. ‘मापे’ व ‘वस्तुमान’ या अर्थांचे दोन जर्मन शब्द केवळ याच अक्षराने वेगळे ओळखू येतात. मोठ्या अक्षरांत ते एकसारखे होतात व पुन्हा लहान केल्यास मूळ शब्द कोणता होता हे यंत्राला कळत नाही. एस्‌त्सेटचे मोठे रूप युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले व जर्मन शुद्धलेखनात ते २०१७ मध्ये मान्य झाले. ग्रीकमध्ये मोठ्या ‘सिग्मा’ची लहान रूपे दोन आहेत : एक शब्दाच्या आरंभी व मध्ये येणारे आणि दुसरे केवळ शब्दान्ती येणारे. तेव्हा अक्षर लहान करण्यासाठी त्याच्या पुढे काय आहे हेही पाहावे लागते. डच भाषेत ‘आय’ व ‘जे’ यांची जोडी शब्दारंभी आली, तर दोन्ही अक्षरे मोठी करतात.

सर्वांत त्रासदायक उदाहरण तुर्कीचे आहे. १९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली, तेव्हा दोन भिन्न स्वरांसाठी टिंबाचा ‘आय’ व बिनटिंबाचा ‘आय’ अशी दोन अक्षरे ठरविण्यात आली. टिंबाच्या लहान अक्षराचे मोठे रूपही टिंबाचेच असते आणि बिनटिंबाच्या लहान अक्षराचे मोठे रूप इंग्रजीतील मोठ्या ‘आय’सारखे असते. तुर्की लेखनाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष आहे. परंतु इंग्रजी गृहीत धरून लिहिलेला कार्यक्रम तुर्की मांडणीच्या संगणकावर चालविला, की ‘आय’ असलेला आज्ञाशब्द मोठा करताना त्यावर टिंब येते व तो ओळखला जात नाही. म्हणून माणसाने वाचावयाचा मजकूर त्याच्या भाषेच्या नियमाने, तर यंत्राच्या अंतर्गत वापराचे शब्द भाषानिरपेक्ष नियमाने बदलावेत, असा दंडक पडला आहे.

तुलनेसाठी युनिकोडने ‘समरूपणा’ची वेगळी सारणी दिली आहे. दोन्ही शब्द या सारणीतून एका सामाईक रूपात आणून मग ताडून पाहतात. एकदा ठरलेले समरूपण बदलावयाचे नाही, असा नियम असल्याने चेरोकी लिपीत एक गमतीची स्थिती उद्भवली आहे. त्या लिपीची मूळ अक्षरे १९९९ मध्ये व लहान रूपे २०१५ मध्ये समाविष्ट झाली. त्यामुळे इतरत्र समरूपण लहान अक्षरांकडे होत असता चेरोकीत ते मोठ्या अक्षरांकडे होते. समरूपणाऐवजी शब्द नुसते मोठे करून तुलना केल्यास काय घडते, हे जँगो या संकेतस्थळे उभारण्याच्या साधनात डिसेंबर २०१९ मध्ये उघड झाले. विसरलेला परवलीचा शब्द बदलण्यासाठी दिलेला विपत्ता रूपभेद न मानता नोंदींत शोधला जाई. समरूपणात तुर्कीचा बिनटिंबाचा ‘आय’ इंग्रजी ‘आय’शी जुळत नाही, पण मोठे केल्यावर दोन्ही जुळतात. त्यामुळे बिनटिंबाचे अक्षर असलेला स्वतःचा विपत्ता देऊन दुसऱ्याचे खाते सापडविता येई, आणि शब्द बदलण्याची खूण नोंदीतील पत्त्याऐवजी त्या नव्या पत्त्यावर जाई. दुरुस्तीनंतर ती नोंदीतील पत्त्यावरच पाठविली जाऊ लागली.

देवनागरी व रूपभेद : देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी मजकूर मोठा अथवा लहान करण्याची आज्ञा दिल्यास त्यात काहीही बदल होत नाही [⟶ देवनागरी लिपी]. तथापि रूपभेदासाठी घडविलेली यंत्रसामग्री मराठीने निराळ्या कामी लावली आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट या कळफलकावर रोमन ‘के’च्या कळीवर ‘क’ असून शिफ्ट कळीबरोबर तीच कळ दाबली असता ‘ख’ उमटतो. ‘ग’–‘घ’, ‘त’–‘थ’, ‘प’–‘फ’ या जोड्याही अशाच अल्पप्राण–महाप्राण आहेत. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक देवनागरी टंकांत रोमन अक्षरांच्या स्थानी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत, व मोठ्या आणि लहान अक्षरांच्या स्थानी भिन्न आकृत्या असत. मजकूर मराठी आहे हे संगणकाला ठाऊक नसे. वाक्यारंभीचे अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय चालू राहिली, तर त्या जागी भलतीच आकृती येई. रोमन लिप्यंतराच्या आयट्रान्स पद्धतीत लहान ‘टी’ म्हणजे ‘त’ व मोठा ‘टी’ म्हणजे ‘ट’. ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेदही असाच दाखवितात. या पद्धतीने साठविलेला मजकूर सरसकट लहान अक्षरांत बदलल्यास ‘वाट’ व ‘वात’ हे दोन शब्द एकच होतात आणि ‘मन’ व ‘मण’ यांतील फरक पुन्हा मिळविता येत नाही.