पृथ्वीची मूळ ठेव : खोल समुद्रातील हेलियम

फुग्यात भरतात तो हेलियम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या शोधाची सुरुवात भारतातच झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्यप्रकाशाचा अभ्यास केला. त्या ग्रहणात दिसलेली एक पिवळी रेषा पुढे नव्या मूलद्रव्याची ठरली. (विजयदुर्गावरील ‘साहेबाच्या ओट्यां’शी ही गोष्ट हटकून जोडली जाते, पण ज्या लॉकियर यांचे नाव तिथे घेतात, ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते.) पृथ्वीवर हा वायू सापडायला मात्र १८९५ साल उजाडले.

हेलियमचे अणू दोन प्रकारचे असतात. हेलियम-४ च्या केंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. हेलियम-३ मध्ये न्यूट्रॉन एकच. माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे मला हा विषय ठेवीच्या भाषेतच उमगतो. हेलियम-३ हे मुद्दल. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी घडत असताना जेवढा तिच्या पोटात अडकला तेवढा. नंतर त्यात म्हणण्यासारखी भर नाही. हेलियम-४ हे व्याज. खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांचा क्षय होताना तो तयार होतो आणि खात्यात सतत जमा होत राहतो. खर्चाची बाजू अशी की बाहेर पडलेला हेलियम हवेतही कायम टिकत नाही, हळूहळू अवकाशात निसटतो. एकदा काढलेले मुद्दल परत भरता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ रक्कम नव्हे, दोहोंचे प्रमाण पाहतात. हवेत हेलियम-३ च्या एका अणूमागे हेलियम-४ चे सुमारे सव्वासात लाख अणू असतात. हे प्रमाण एक धरू. खंडांच्या कवचातील खडकांत व्याज इतके फुगलेले असते की तिथे ते ०.०२ च्या आसपास उतरते. उलट समुद्राच्या मध्यावरील पर्वतरांगांतून, म्हणजे कवचाखालच्या प्रावरणातून वर येणाऱ्या लाव्हात ते सुमारे आठपट असते. हवाई बेटांजवळच्या लोइही या समुद्राखालील ज्वालामुखीत तर तीसपटीच्या घरात जाते.

आता समुद्राकडे येऊ. खोल पाणी कधीकाळी पृष्ठभागावर होते. तिथे हवेतला हेलियम विरघळवून घेऊन ते खाली बुडाले. तेव्हा त्यातले प्रमाणही जवळपास हवेइतकेच हवे. पण १९६९ साली क्लार्क, बेग आणि क्रेग यांनी पॅसिफिकच्या खोल पाण्यात हेलियम-३ जास्त असल्याचे दाखवले. अणुचाचण्यांतून आलेल्या ट्रिशियमपासूनही हेलियम-३ बनतो, हे खरे. पण ती भर मुख्यतः वरच्या थरांत असते. दोन-अडीच हजार मीटर खोलीवरचा जादा हेलियम-३ खालूनच आलेला. पृथ्वीची मूळ ठेव अजून संपलेली नाही, ती आजही थोडी थोडी बाहेर पडते आहे, याचा हा पुरावा होता.

हे मोजणे नाजूक काम आहे. हेलियम काचेतूनही झिरपतो, म्हणून पाण्याचे नमुने तांब्याच्या नळीत घेऊन तिची दोन्ही टोके घट्ट आवळून बंद करतात.

१९८१ साली लप्टन आणि क्रेग यांनी पूर्व पॅसिफिकमधील पर्वतरांगेवर, १५ अंश दक्षिण अक्षांशाजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर अशा पाण्याचा प्रचंड पट्टा दाखवला. हवेशी समतोल असलेल्या पाण्यापेक्षा त्यात हेलियम-३ चे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जास्त होते. पट्टा पश्चिमेकडे दोन हजार किलोमीटरहून लांब पसरलेला होता. त्या काळच्या प्रचलित सिद्धांतानुसार तिथले खोल पाणी पश्चिमेला जायला नको होते! हेलियम कशाशी संयोग पावत नाही, त्याला कोणी जीव खात नाही, तो गाळात बसत नाही. पाणी जाईल तिकडे तो जातो. त्यामुळे त्याची साक्ष डावलता येईना, सिद्धांतालाच फेरविचार करावा लागला.

याच पट्ट्यात पुढे लोह मोजले गेले. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून निघालेले लोह जवळच गाळात बसते, असा समज होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विरघळलेले लोह हेलियमच्या सोबतीने चार हजार किलोमीटरपर्यंत पोचलेले आढळले. दक्षिण महासागरातील सूक्ष्म वनस्पतींना लोहाची चणचण असते आणि त्या वनस्पती हवेतला कार्बन शोषतात. म्हणून ही माहिती मोलाची.

आपण माळव्यातली मंडळी ज्या काळ्या दगडावर राहतो, त्याचाही या हिशेबाशी संबंध आहे. हा दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या किंचित आधीचे, त्याच उद्रेकांच्या मालिकेतले खडक राजस्थानात मुंडवारा आणि सरनू येथे आहेत. आशिष बसू आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली त्यांतला हेलियम तपासला. प्रमाण हवेच्या जवळजवळ चौदापट निघाले, म्हणजे समुद्रातल्या पर्वतरांगांच्या लाव्हापेक्षा बरेच जास्त. दख्खनच्या लाव्हाचा उगम मानला जाणारा उष्ण स्रोत आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथल्या लाव्हातही हे प्रमाण बारा-तेरापट भरते. ही जुनी ठेव नेमकी किती खोल दडली आहे, प्रावरणाच्या तळाशी की थेट गाभ्यात, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.