उपग्रहाला अर्थिंग कुठं द्यायचं?

मागच्या डिसेंबरात जालन्याला घरी गेलो होतो. रात्री ब्लँकेट अंगावर ओढलं की चटचट आवाज, अंधारात बारीक ठिणग्या. कोरडी हवा आणि सिंथेटिक कापड, दुसरं काय! चार्ज साठतो, जायला वाट नसते, मग तो उडी मारतो. आजचा एपिसोड त्या ब्लँकेटनंच दिलाय, कारण वर उपग्रहांचंही हेच होतं.

टीव्हीवर ढगांचे जे फोटो बघून आमचे बाबा पेरणीचा अंदाज बांधतात, ते इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस पाठवतात, सुमारे ३६,००० किलोमीटरवरून. तिथं हवा नाही, पण इलेक्ट्रॉन भरपूर. सौरवादळ आलं की पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूनं वेगवान इलेक्ट्रॉनांचा लोंढा येतो आणि उपग्रहाच्या अंगावर साठतो. जिथं ऊन पडतं तिथून प्रकाशच इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, म्हणून ती बाजू सावरते. सावलीतलं प्लास्टिक मात्र भरतच राहतं, कधी हजारो व्होल्टपर्यंत. एकाच उपग्रहाच्या दोन भागांत एवढा फरक पडला की ठिणगी उडणारच.

शेतातल्या मोटरला आपण खड्डा खणून, मीठ-कोळसा टाकून अर्थिंग देतो. वर खड्डा कुठं खणायचा? म्हणून सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडतात आणि प्लास्टिकवर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीज वाहणारा थर देतात. पृथ्वी नसली तरी चालतं. सगळं अंग एकाच व्होल्टेजवर राहिलं की झालं.

नाही राहिलं तर? ठिणगीचा झटका वायरींत शिरतो आणि कॉम्प्युटर गोंधळतो. एप्रिल २०१० मध्ये गॅलेक्सी-१५ नावाचा उपग्रह कमांड ऐकेनासा झाला, पण प्रसारण चालूच! शेजारच्या उपग्रहांजवळून तो तसाच भटकत राहिला. संशय अशाच ठिणगीवर होता. डिसेंबरात बॅटरी संपली, तो रीसेट झाला आणि शहाण्यासारखा वागायला लागला. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'बंद करून चालू कर' म्हणतो तेव्हा हसू नका.

आता ती चमकदार सोनेरी चादर. ते सोनं नसतं, बहुतेक वेळा कॅप्टन नावाचं पिवळसर प्लास्टिक असतं, मागून ॲल्युमिनियम लावलेलं. आमच्या जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या गावांत शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद असतो. पाण्याबाहेरचा, उन्हात पडलेला भाग आधी कडक होतो, मग तडकतो. वरची अतिनील किरणं तर हवेतून गाळलेलीही नसतात. पृष्ठभाग काळपट पडतो, जास्त उष्णता शोषतो आणि आतली यंत्रं तापतात. खालच्या, ४०० किलोमीटरच्या कक्षेत त्रास वेगळा: तिथला सुटा ऑक्सिजन अणू. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं त्यावर आदळतो आणि प्लास्टिक थराथरानं झिजतं.

मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं तेव्हा इस्रोनं खबरदारी म्हणून आपल्या याच दोन इन्सॅटचे स्टार सेन्सर, म्हणजे तारे बघून दिशा ओळखणारे कॅमेरे, बंद ठेवले होते. मोठा बिघाड झाला नाही. बाबांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "ते राहू दे, पाऊस कधी येतोय ते विचार त्यांना."