स्वल्प खर्चाचें हरितगृह : साहित्याची निवड

शाळेच्या विहिरीमागें जें लहानसें हरितगृह उभें आहे, तें आमचें दुसरें होय. पहिलें एका उन्हाळ्यांतच मोडलें. पालकांच्या वर्गणींतून उभारलेल्या त्या घराची अशी दशा कां झाली, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

नाशिकास हरितगृह कशाला, असें कोणी विचारील. शेजारच्या निफाडास थंडींत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खालीं गेल्याच्या नोंदी आहेत. उन्हाळ्यांत तोच ४० अंशांच्या आसपास चढतो. मिरची-टोमॅटोच्या कोवळ्या रोपांस दोन्ही सोसत नाहीं. मोहाडी-जानोरीकडे गुलाबाचीं प्रशस्त हरितगृहें आहेत खरीं. पण त्यांच्यासारखा लोखंडी सांगाडा आमच्या खिशास झेपणारा नव्हता.

प्रथम आच्छादन. काच उत्तम, परंतु ३ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरास सुमारें साडेसात किलोग्रॅम भरते. तेवढ्याच जागेस २०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पंचमांश जाडीचा, पॉलिथीनचा कागद १८५ ग्रॅमच्या आसपास! छप्पर हलकें झालें कीं सांगाडाही हलका चालतो. खरी बचत ती येथें. अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक एमर्ट यांनीं १९४८ सालीं काचेचा खर्च परवडेना म्हणून सेलोफेन लावून हरितगृह उभारलें, तेंही याच विचारानें.

आमची चूक मात्र कागद घेतांनाच झाली. पावसांत माल झांकण्याचा साधा कागद स्वस्त मिळाला, तो आम्हीं आणला. सूर्याचे अतिनील किरण पॉलिथीनच्या रेणूंच्या लांब सांखळ्या तोडतात. मे महिन्यांत तो कागद पापडासारखा कडकडूं लागला व पहिल्याच वावटळींत त्याच्या चिंध्या झाल्या. अतिनील किरणांस टिकाव धरणारा कागद महाग पडतो, पण तो तीनेक वर्षें निभावतो. साध्या कागदाची स्वस्ताई आम्हांस दुप्पट खर्चांत पडली.

आतां सांगाडा. आम्हीं बांबूच निवडला. तीन वर्षांहून कोवळी काठी घेऊं नये. तींत पिष्ट अधिक असल्यानें कीड लागते व पिवळसर भुकटी गळूं लागते. टांकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणांत काठ्या भिजवून सावलींत वाळविल्या असतां कीड दूर राहते. परंतु हें औषध ओल्या मातींत धुऊन जातें, म्हणून बांबू जमिनींत पुरूं नये. प्रत्येक खांबाखालीं लोखंडी नळीचा तुकडा काँक्रीटमध्यें रोवून बांबू त्यावर बोल्टानें जखडला. पेरें तासून गुळगुळीत केलीं, आणि जेथें कागद टेकतो तेथें सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या. त्या मुलांनीं घरोघर हिंडून जमविल्या. एका पालकांनीं तर चालती ट्यूब दिली असें मागाहून कळलें!

रात्रीं पॉलिथीनमधून उष्णता काचेपेक्षां लौकर निसटते, हा दोष कबूल केला पाहिजे. पहांटे कागदाच्या आंतल्या अंगास साचणारे दंवबिंदू तिला थोडीफार अडवितात. उन्हाळ्यांत वर निम्मी सावली देणारी जाळी घालतों, व तापलेली हवा निघून जाण्यास माथ्यालगत फट ठेवली आहे.

दुसऱ्या घरानें दोन उन्हाळे काढले आहेत. ईशान्येच्या कोपऱ्यांत कागद जरा सैल पडला आहे. मे महिन्यापूर्वीं तो पुन्हां ताणून घ्यावा लागेल.